दुधाची दाढ आणि मोठ्यांचा शब्द

नीतिशास्त्राचे ग्रंथ उघडले की सत्यासत्याचा प्रश्न बहुधा मोठ्या रंगभूमीवर मांडलेला आढळतो. कोणी राजा रणांगणावर उभा असतो, कोणी तपस्वी अरण्यात बसलेला असतो, आणि त्याच्या एका शब्दावर कोणाचे तरी प्राण अवलंबून असतात. आपणा संसारी माणसांच्या वाट्याला असे प्रसंग सहसा येत नाहीत. आपल्याकडे हा प्रश्न साध्या वेषात येतो, आणि पुष्कळदा दंतवैद्याच्या दवाखान्याबाहेरील बाकावर येऊन बसतो. सहा-सात वर्षांचे मूल आईचा पदर धरून विचारते, “दुखेल का?” या दोन शब्दांना काय उत्तर द्यावे, हा आमच्या मते नीतिशास्त्रातील एक खरा आणि अवघड प्रश्न आहे.

दाढ काढल्यानंतर मुलाला सावरण्यास साहाय्य कसे करावे, हा वरवर पाहता वैद्यकाचा आणि गृहव्यवस्थेचा विषय. कापसाचा बोळा किती वेळ दाबून धरावा, खावयास काय द्यावे, औषध कोणते द्यावे, एवढे समजले की तो संपला असे वाटते. परंतु या साध्या सूचना अमलात कोणी आणावयाच्या, हा प्रश्न विचारला की विषय एकदम पालटतो. त्या मुलानेच अमलात आणावयाच्या असतात. आणि मूल त्या पाळील की नाही, हे बाकावर त्याला मिळालेल्या उत्तरावर फार मोठ्या प्रमाणात ठरून गेलेले असते. या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच. पण त्याची फोड करावयास थोडा अवधी लागेल.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दुधाचे दात एकूण वीस. ते पडावयाचेच असतात, म्हणून त्यांची हेळसांड करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. वास्तविक दुधाच्या दाढांनी साधारणतः दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहून काम करावयाचे असते, आणि खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवणे हेही त्यांचेच काम. अशी एखादी दाढ किडते, तिच्या मुळाशी पू होतो, हिरडीवर फोड येतो, आणि ती वाचवण्याजोगी उरली नाही की काढावी लागते. हलणारा दात जिभेने लोळवीत पाडण्याचे मुलाचे हे वय. तो दात पडला की मूल गावभर दाखवीत सुटते, कारण ते त्याच्या मोठे होण्याचे चिन्ह असते. परंतु ही दाढ हलत नसते. ती दुसऱ्याच्या हाताने, हत्याराने आणि त्या मुलाच्या इच्छेविरुद्ध काढली जाते. पडलेला दात मुलाचा पराक्रम असतो. काढलेली दाढ ही त्याच्यावर झालेली कृती असते.

वकिलीच्या व्यवसायात साक्षी ऐकण्याची सवय लागलेली असल्यामुळे अशा बाकांवरील वाक्ये आमच्या कानांत राहतात. ती बहुतेक चारच आहेत. “काही होत नाही” हे पहिले. कोकणी घरात तेच “कांय जावचें ना” असे ऐकू येते. भाषा दोन, असत्य एक. “मुंगी चावल्यासारखे वाटेल” हे दुसरे. “डॉक्टर नुसते बघणार आहेत” हे तिसरे. आणि ही तिन्ही निष्फळ ठरली की चौथे, “रडलास तर मोठी सुई टोचतील.” पहिले असत्य, दुसरे अल्पोक्ती, तिसरे सरळ कपट आणि चौथे धमकी. ही चारही वाक्ये प्रेमळ आईबापांच्या तोंडची असतात हे आम्ही जाणतो. किंबहुना म्हणूनच त्यांचा विचार करावयास हवा. दुष्टाच्या असत्याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसतो. प्रश्न पडतो तो प्रेमाच्या असत्याविषयी.

कायदा येथे काय म्हणतो? १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८९ व्या कलमात, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, त्याच्या पालकाने किंवा पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेली कृती तिच्यामुळे इजा झाली तरी अपराध ठरत नाही, असे सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद २७ व्या कलमात आहे. कलमाखालील उदाहरण मोठे बोलके आहे. एक पिता आपल्या मुलाचा मुतखडा शस्त्रवैद्याकडून काढवितो. मुलाची संमती घेत नाही. त्यात मृत्यूचा संभव आहे हेही त्याला ठाऊक असते. तरी मुलाला बरे करणे हा त्याचा हेतू असल्यामुळे तो अपराधी ठरत नाही. मुतखड्यासाठी जेथे एवढा अधिकार, तेथे दाढेची काय कथा! तेव्हा मुलाला न विचारता त्याची दाढ काढून घेण्याचा आईबापांचा अधिकार निर्विवाद आहे, आणि तो तसा असावा हेही आम्हांस मान्य आहे. सात वर्षांच्या मुलाच्या होकारावर त्याचे आरोग्य टांगून ठेवणे हा काही त्याचा सन्मान नव्हे.

परंतु याच संहितेतील आणखी दोन तरतुदी लक्षात घ्याव्यात. भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे जुन्या संहितेचे ९० वे व नव्या संहितेचे २८ वे कलम सांगते. बारा वर्षांखालील मुलाची संमती कायदा मुळात धरतच नाही, म्हणून दाढेच्या बाबतीत तांत्रिक प्रश्न उद्भवत नाही. तरीही “नुसते बघणार आहेत” हे वाक्य गैरसमजाचे आणि “मोठी सुई टोचतील” हे भीतीचे किती चोख उदाहरण आहे, हे कोणाही वकिलाच्या ध्यानात येईल. मोठ्या माणसाकडून ज्या मार्गाने मिळवलेला होकार कायदा कवडीमोल मानतो, तोच मार्ग आपण मुलासाठी राखून ठेवला आहे. दुसरी तरतूद जुन्या ९३ व्या आणि नव्या ३१ व्या कलमात आहे. सद्भावनेने सांगितलेल्या गोष्टीमुळे ऐकणाऱ्याला इजा झाली, तरी सांगणारा अपराधी नाही. उदाहरण शस्त्रवैद्याचेच आहे. तो रोग्याला ‘आपण वाचणार नाही’ असे सांगतो आणि त्या धक्क्याने रोगी मरतो; वैद्य निर्दोष. म्हणजे खरे बोलणाऱ्याला कायद्याने एवढ्या टोकापर्यंत पाठीशी घातले आहे.

आमच्या कचेरीच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीस ‘अज्ञान’ म्हणतात. जमिनीच्या उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’ अशी अक्षरे लिहून पित्याचे नाव घातलेले पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. जमिनीच्या व्यवहारापुरता हा शब्द ठीक आहे. परंतु दाढ ठणकत असताना त्या खोलीत तिच्याविषयी खरे ज्ञान एकट्या त्या ‘अज्ञाना’लाच असते, बाकीचे आम्ही सर्व ‘सज्ञान’ केवळ अनुमान करीत असतो. आणि सत्याच्या बाबतीत तर कायद्यानेही मुलाला अज्ञान मानलेले नाही. १९६९ च्या शपथ कायद्यातील चौथे कलम पाहा. बारा वर्षांखालील साक्षीदार मुलाला शपथेचे स्वरूप कळत नाही, पण खरे बोलण्याचे कर्तव्य कळते, असे न्यायालयास वाटले तर शपथेवाचून त्याची साक्ष घेता येते. शपथ कळावयाच्या आधी सत्य कळते, असा याचा अर्थ. मग ज्याला सत्याचे कर्तव्य कळते त्याला सत्याचा भंगही कळणारच.

प्रेमळ असत्याच्या बाजूने जे बोलता येईल ते आता मांडू, कारण प्रतिपक्षाची बाजू न मांडता निकाल मागणे आमच्या धंद्याला शोभत नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. सत्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याने दरोडेखोरांना, लपलेली माणसे कोठे आहेत ते खरेखरे सांगितले; ती मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. याउलट जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ मधील एका निबंधात, मित्राचा जीव घेण्यास आलेल्यालाही खोटे सांगण्याचा अधिकार नाही, अशी टोकाची भूमिका घेतली. या दोहोंमध्ये आमचे मत नि:शंकपणे कृष्णाच्या बाजूने आहे. परंतु येथे एक भेद करावयास हवा. कौशिकापुढे उभे होते ते दरोडेखोर होते; त्यांना फसवून तिसऱ्याचा जीव वाचवावयाचा होता. बाकावर बसलेले मूल दरोडेखोर नव्हे. ज्याचे रक्षण करावयाचे त्यालाच फसवावयाचे, असा हा प्रकार आहे, आणि कौशिकाच्या कथेत त्याला आधार सापडत नाही.

प्लेटोचा आधार याहून जवळचा वाटेल. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात असत्य हे माणसांना औषधासारखे उपयोगी पडू शकते असे त्याने म्हटले आहे. पण त्याच ठिकाणी तो पुढे म्हणतो की, औषध असल्यामुळेच ते वैद्यांच्या हाती असावे, खासगी माणसांनी त्याला शिवू नये. आणि आजचे जाणते दंतवैद्य तर हे औषध वापरण्यास मुळीच राजी नसतात. उलट घरून येताना मुलाला खोटे सांगून आणू नका, असे ते आईबापांना बजावतात. राहिले मनुस्मृतीतील ते प्रसिद्ध वचन. अप्रिय सत्य बोलू नये, हा त्याचा भाग प्रत्येकाच्या तोंडी असतो. त्याच्याच पुढे प्रिय असले तरी असत्य बोलू नये असेही सांगितले आहे, आणि तेवढा भाग मात्र सोयिस्करपणे गाळला जातो.

लहान मुलाला सांगितलेल्या प्रिय असत्याची आपल्याकडील सर्वांत करुण कथा अश्वत्थाम्याची. आदिपर्वात श्रीमंतांची मुले पाण्यात कालवलेले पीठ दूध म्हणून त्याला देतात, आणि ते पिऊन ‘मी दूध प्यालो’ म्हणत तो आनंदाने नाचतो. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत ते पीठ त्याची आईच कालवते. कोणतीही कथा घ्या, मुलाचे समाधान झाले होते यात शंका नाही. परंतु ते पाहून द्रोणाचे अंत:करण विदीर्ण झाले, आणि पुढील केवढ्या तरी वैराचा उगम तेथे आहे. पुढे याच अश्वत्थाम्याच्या नावाने युधिष्ठिराने अर्धसत्य उच्चारले आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ भुईला टेकला. “नुसते बघणार आहेत” हे त्याच जातीचे अर्धसत्य आहे. डॉक्टर बघतात हे खरे. पण बघून थांबत नाहीत.

खरे पाहता ही वाक्ये मुलाच्या सुखासाठी असतात की आपल्या, हा प्रश्न प्रत्येकाने स्वत:ला विचारावा. मूल चार लोकांत रडले तर आपली शोभा होते. नंबर लागलेला असतो. कचेरीत परत जावयाचे असते. असत्याने दहा मिनिटांची शांतता विकत मिळते. ती शांतता मुलाची नसते, आपली असते. आणि तिचे मोल मात्र मुलाने चुकवावयाचे असते.

आता दाढ निघाल्यानंतरचा भाग पाहू, कारण आमच्या म्हणण्याचा मुख्य आधार तेथे आहे. दाढ निघते तेथे खाच उरते. तीत रक्त साकळून गुठळी होते. ही गुठळी म्हणजे निसर्गाने घातलेली पट्टी. तिच्या आश्रयाने हिरडी भरून येते. म्हणून मुलाने कापसाचा बोळा वीस-तीस मिनिटे घट्ट चावून धरावयाचा असतो. पहिला दिवसभर जोराने चूळ भरावयाची नसते, थुंकावयाचे नसते, नळीने काही ओढून प्यावयाचे नसते, कारण या ओढीने गुठळी सुटते. जिभेने आणि बोटाने खाच चाचपावयाची नसते. भूल दिलेला ओठ आणि गाल दोन ते चार तास बधिर असतात. त्या अवधीत गंमत म्हणून किंवा न कळून मूल ओठ चावते, आणि भूल उतरल्यावर दाढेपेक्षा ती जखमच अधिक दुखते. म्हणून ओठ जागा होईपर्यंत चावून खाण्याचे काही द्यावयाचे नसते. त्यानंतर थंड किंवा कोमट, मऊ अन्न: गोव्यात निवालेली पेज किंवा तिझन, इंदूर-बडोद्याकडे मऊ खिचडी, दहीभात. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ. दुखल्यास दंतवैद्याने मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मात्र मुलाला देऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढतो आणि मुलांमध्ये क्वचित पण अतिशय गंभीर असा विकार उद्भवू शकतो.

ही यादी वाचून वाचकांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. यातील जवळजवळ एकही गोष्ट आपण मुलाकडून बळजबरीने करवून घेऊ शकत नाही. खुर्चीत धरून ठेवता येते, हात आवळता येतात, तोंड उघडे ठेवता येते. म्हणून दाढ बळाने काढता येते. परंतु मुलाच्या बंद तोंडात त्याची जीभ कोठे जाते यावर कोणाची सत्ता चालणार? पालकाचा जो अधिकार कायद्याने अनिर्बंध ठेवला तो दाढ निघताच संपतो, आणि तेथून पुढे मुलाचे राज्य सुरू होते. त्या राज्यात आपल्याजवळ फक्त शब्द उरतो. ज्या तोंडाने तासापूर्वी “काही होत नाही” असे सांगितले आणि झाले, त्याच तोंडाने आता “थुंकू नकोस, नाहीतर रक्त येईल” म्हटले, तर मुलाने कोणत्या आधारावर विश्वास ठेवावा? ते थुंकते, रक्त येते, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

मग काय सारे सत्य त्याच्यापुढे ओतावे? तसे आमचे म्हणणे नाही. चिमट्याचे वर्णन करीत बसणे हे सत्यप्रेम नव्हे, क्रौर्य आहे. मुलाने जे विचारले त्याचे खरे उत्तर, त्याला पेलेल एवढ्या मापात, त्याला समजेल अशा शब्दांत द्यावे. आणि जे विचारले नाही पण जे त्याला अनुभवावे लागणार आहे, त्याची आगाऊ कल्पना द्यावी. अमेरिकेतील दंतवैद्य ॲडलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडलेली पद्धत मुलांच्या दंतवैद्यकात आजही शिकवली जाते: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. “आधी हिरडीला मलम लावतील. मग टोचल्यासारखे होईल, ते थोडे दुखेल. आपण पाचपर्यंत आकडे मोजू. मग ओठ जाड झाल्यासारखा वाटेल. दाढ काढताना दाबल्यासारखे होईल आणि आवाज येईल, पण टोचल्याएवढे दुखू नये. दुखले तर हात वर कर, डॉक्टर थांबतील.” या बोलण्यात असत्याचा लवलेश नाही, आणि भीती वाढवणारेही काही नाही. हात वर केल्यास थांबण्याचे मात्र दंतवैद्याकडून आधी कबूल करून घ्यावे. नाहीतर तेही पाचवे असत्य ठरेल.

आपल्या पणजोबांना असे बोलणे शक्य नव्हते. त्यांच्या काळी सुताचा फास, दाराची कडी किंवा कोणा धीट माणसाच्या हातातील सांडशी एवढाच उपाय अनेकांना उपलब्ध होता. तेथे खरे सांगणे म्हणजे मुलाला पळवून लावणेच. परंतु १८४६ मध्ये बॉस्टनच्या मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून वेदनेवाचून दात काढला. १९०५ मध्ये प्रोकेन आणि १९४३ मध्ये लिडोकेन ही जागा बधिर करणारी औषधे निर्माण झाली. विज्ञानाने वेदना कमी केली एवढेच नव्हे, तर सत्य सांगणेही सोपे करून ठेवले. आज मुलाला सांगावयाचे सत्य मुलाला पेलण्याजोगे आहे. तरीही आपण पणजोबांचेच असत्य वापरीत राहिलो, तर त्याला परिस्थितीचे निमित्त उरत नाही.

“शूर मुले रडत नाहीत” हे घरी परतल्यावर सांगितले जाणारे आणखी एक असत्य. शूर मुले रडतात. रडूनही बोळा चावून धरतात. रडण्याचा हक्क काढून घेतला की मूल सावरले असे नव्हे, ते फक्त गप्प होते. १९५२ मध्ये इंग्लंडात जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात ठेवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट घेतला. त्या काळी आईबाप भेटून गेले की मुले रडतात, म्हणून भेटीवर कडक बंधने असत, आणि गप्प झालेले मूल ‘रुळले’ असे समजले जाई. त्या गप्प बसण्यात केवढे दु:ख दडलेले आहे ते या चित्रपटाने दाखवले. आणि १९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीने, आईबापांना मुलापाशी येण्यास मोकळीक असावी, अशी शिफारस केली. दाढेचा घाव लहान असतो, पण नियम तोच. त्या दुपारी मुलाजवळ कोणीतरी असावे. लाळेत मिसळलेले थोडे रक्तही फार दिसते, मूल घाबरून “माझे सगळे रक्त जाईल का?” असे विचारते. त्याला हसू नये. “लाळ गुलाबी दिसते, ते चालते, रक्त ठिबकत राहिले तर पुन्हा बोळा दाबू, आणि तरीही थांबले नाही तर डॉक्टरांना विचारू” असे जे खरे तेच सांगावे. ताप आला, सूज वाढत गेली, तरी पुन्हा दंतवैद्याकडे जावे लागेल, हेही लपवू नये.

येथे कोणी विचारील, मग पडलेला दात उंदराला द्यावयाचा, शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकावयाचा, म्हणजे नवा दात चांगला येतो, ही आमच्या घरांतील रीत म्हणजेही असत्यच ना? आम्हांस तसे वाटत नाही. गोष्ट आणि खोटे यांत भेद आहे. उंदराच्या गोष्टीत मूल भागीदार असते. अर्धे विश्वासाने, अर्धे खेळाने ते तीत शिरते, आणि मोठे झाल्यावर कोणी आपल्याला फसवले असे त्याला वाटत नाही. गोष्टीने मुलाचे काही जात नाही. खोट्याने जाते. म्हणून दंतवैद्याने हरकत न घेतल्यास ती दाढ धुऊन मुलाच्या हाती द्यावी. ती त्याची आहे. तिचे काय करावयाचे हे ठरवण्याचा अधिकार तरी त्याच्याकडे राहू द्यावा.

आइस्क्रीमच्या वचनाविषयीही दोन शब्द. कायद्याच्या दृष्टीने या वचनाला काही किंमत नाही. कुटुंबातील अशा बोलण्यामागे कायदेशीर बंधन निर्माण करण्याचा हेतू नसतो, हे तत्त्व इंग्लंडातील १९१९ च्या बॅलफोर विरुद्ध बॅलफोर या नवराबायकोच्या खटल्यापासून प्रसिद्ध आहे. मुलाला दावा लावता येत नाही, म्हणूनच हे वचन अधिक कसोशीने पाळावयास हवे. कारण त्याच्यामागे न्यायालयाचा हुकूमनामा नसून केवळ आपली नियत आहे. मऊ, थंड, सुक्या मेव्यावाचूनचे आइस्क्रीम त्या दिवशी चालतेही. मात्र ते ‘रडला नाहीस तर’ अशा अटीवर देऊ नये. दु:ख सोसल्याबद्दल मिळणारी ती भेट असावी, दु:ख लपवल्याची लाच नव्हे.

सर्वांत कठीण आक्षेप असा की, खरे सांगितल्यावर मूल येण्यासच नकार देईल. देईल, कधी कधी. अशा वेळी आम्ही म्हणू, त्याला उघडपणे न्यावे. “तुला नको आहे हे मला समजते. तरी दाढ काढावी लागेल. हा निर्णय माझा आहे, आणि मी तुझ्याजवळ बसेन.” बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या कलमात मुलाचे मत ऐकून घेऊन त्याच्या वयाप्रमाणे त्याला वजन देण्यास सांगितले आहे, आणि भारताने १९९२ मध्ये हा करार स्वीकारला. ऐकून घेणे म्हणजे प्रत्येक वेळी मान्य करणे नव्हे. उघड सक्तीचा मुलाला राग येतो, आणि राग निवळतो, कारण तो कोणावर आहे हे त्याला ठाऊक असते. कपटाने मात्र त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. या मार्गाने बाकावर अधिक रडणे होईल, लोक पाहतील, नंबर टळेल. ही किंमत खरी आहे. आमच्या मते ती देण्याजोगी आहे.

एवढ्या लहान गोष्टीला एवढे महत्त्व कशासाठी, असे अजूनही कोणास वाटेल, तर त्यांना आम्ही न्यायालयात वारंवार ऐकू येणाऱ्या एका प्रश्नाची आठवण देऊ. मुलांवरील अत्याचारांविरुद्ध २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याखालील खटल्यांत बचावाचे वकील विचारतात, “मुलाने घरी लगेच का सांगितले नाही?” याची कारणे अनेक असतात; भीती असते, लाज असते, धमकी असते. परंतु त्यांत एक कारण असेही असू शकते की, आपण दुखते म्हणालो तेव्हा ‘दुखत नाही’ असे उत्तर मिळते, हे ते मूल फार पूर्वी शिकलेले असते. ज्या घरात लहान दुखणे खरे मानले जाते त्याच घरात मोठे दुखणे सांगितले जाण्याची आशा असते. दाढेच्या निमित्ताने आपण मुलाला जे शिकवतो ते दाढेपुरते राहत नाही.

एक-दोन आठवड्यांत हिरडी वरून भरून येते. रिकामी जागा आवळून पुढील दात अडू नये म्हणून जरूर तर दंतवैद्य तारेची कडी बसवतात, आणि यथाकाल तेथे कायमचा दात येतो. शरीराचा हा क्रम बहुधा बिनचूक चालतो आणि त्यात आपले कर्तृत्व फार थोडे असते. आपल्याकडे सोपवलेले काम वेगळे आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायदा मुलाला सज्ञान म्हणेल. परंतु आपल्या माणसांच्या शब्दावर भार टाकता येतो की नाही, याविषयी ते सहाव्या-सातव्या वर्षीच सज्ञान झालेले असते. “दुखेल का?” असे ते विचारते तेव्हा त्याला दुखण्याविषयी जेवढे जाणून घ्यावयाचे असते, तेवढेच आपल्याविषयीही. “थोडे दुखेल, आणि मी येथेच आहे” या उत्तरातील दोन्ही अर्धे खरे ठरवणे, हे त्या दिवसाचे पालकाचे कर्तव्य होय.